प्लायचा बाजा

तू मेल्याच्या नवव्या दिवशी तुझ्या मोबाईलवर फोन आला. मी उचलला नसता. पण वैशाली आंघोळीले गेली होती अन् तो वाजतच राहिला. महाल भागातल्या वाद्याच्या दुकानाचा बबलू होता. म्हणे, काकू, तुमचा युकुलेले पॅक करून ठेवला आहे, कधी येता घ्याले? मी म्हटलं, काकू नाही आता. म्हणे, बाहेरगावी गेल्या का? मी म्हटलं, मेली.

असंच म्हटलं. दुसरा शब्द तोंडात आला नाही. मंग तो हळू म्हणे, काकाजी, पैसे त्यांनी पुरे देऊन ठेवले आहेत, वस्तू तुमची आहे, सवडीनं घेऊन जा.

वैशाली बाहेर आली, तिनं ऐकलंच. चिडली माझ्यावर. आईले 'मेली' काहून म्हणता बाबा, 'गेली' म्हणता येत नाही का. तू सक्करदऱ्याच्या बाजारात जाय तेव्हा गेली म्हणत होतो मी, अन् तासाभरात तू भाजीची थैली घेऊन परत ये. आता तेच कसं म्हणू.

पण मले वेगळीच गोष्ट टोचली. पैसे दिले कधी? आपलं तर दसऱ्याचं ठरलं होतं. तू मले न सांगता घेऊन टाकला? म्हणून ही मापाची वही काढली. पुढच्या पानांवर अजून लोकांच्या दारांची मापं आहेत, मी मागून लिहून राहिलो. तुले काही सांगाचं आहे, अन् काही विचाराचं होतं, पण त्याचं उत्तर मले दुकानातच मिळालं. ते पण सांगतो.

पहिला युकुलेले नातीचा, आपण त्याले बाजाच म्हणत होतो. मागच्या दिवाळीत वैशालीची पोरगी इथं विसरून गेली. आभाळाच्या रंगाचा, चार नायलॉनच्या तारा, गिटारचं पिल्लू दिसावं तसा. मी म्हटलं भंगारात दे. तू ओट्यावर घेऊन बसली. मोबाईलमध्ये एक पोरगी शिकवत होती. तिचं बोलणं तुले अर्धं समजे, पण तिची बोटं पुरी समजत. कुकरच्या शिट्ट्या होऊन जात अन् तू तिथंच. तारांवर बोटं कशी धरावी, अशा तीन पकडी शिकली. तू त्याले पकडच म्हणे, वैशाली काहीतरी इंग्रजी नाव घे. तीन पकडीत आपल्या विहारातली सगळी गाणी बसतात, हे तूच मले सांगितलं होतं, अन् मी म्हटलं होतं, मंग चौथी कायले शिकतेस.

पौर्णिमेले तू तो विहारात घेऊन गेली. बाया हसल्या. लेकराचं खेळणं घेऊन आली म्हणे ही. दुसरं गाणं होईस्तोवर कोणी हसत नव्हतं. ढोलकीवाल्या बाईनं आपला हात हलका केला, तुझा आवाज दबू नये म्हणून. मी मागं बसलो होतो, सगळं पाहिलं. येताना तू स्कूटरवर मागून विचारलं, कसं झालं जी? मी म्हटलं, आवाज लहान आहे त्याचा.

चांगलं झालं होतं वं. लय चांगलं झालं होतं.

त्या खेळण्यात दोन दोष होते. खुंट्या सरकत, प्रत्येक गाण्यानंतर तुले कान लावून पुन्हा पिळा लागत. अन् मान एवढी बारीक का तुझ्या एका बोटाखाली दोन तारा दबत. बोटं जाड कशानं झाली तुझी, ते मले माहीत आहे. चाळीस वर्षं मी रंधा मारला अन् तू पॉलिश पेपर घासला. लोकं मिस्त्री मले म्हणत. कपाटाच्या दारावर हात फिरवून म्हणत, वा मिस्त्री, काय गुळगुळीत केलं. गुळगुळीत तू करत होती. तुझ्या बोटांची टोकं इतकी टणक झाली होती का तारांनी तुले दुखलंच नाही. नात दोन दिवसांत रडून सोडून गेली होती.

मंग मे महिना आला. आपल्या घरात दुपारी कूलर बंद पडला का भिंती तापतात, तुले माहीत आहे. त्या उन्हात बाज्याची खालची पट्टी उखडली, ज्याले तारा बांधल्या असतात ती. मी म्हटलं, दे इकडं. तू म्हणे, राहू द्या जी, महालात दुकान आहे, तिथं दाखवू. मले राग आला. लोकांचे दरवाजे बसवले म्या, दिवाण बनवले, अन् हे एवढंसं खेळणं दुकानात दाखवाचं?

सरस लावला. वरून दोन स्क्रू मारले. भुसा अन् सरस कालवून भेगा भरल्या. मंग वाटलं, कच्चं दिसून राहिलं, म्हणून निळा रंग घासून काढला अन् चपड्याच्या पॉलिशचे तीन हात दिले. पॉलिश वाळल्यावर लग्नातल्या कपाटासारखा चमके. तुझ्या मांडीवर ठेवला. तू तार छेडली.

दारावर कोणी टकटक करावं तसा आवाज आला.

मी बहिरा नाही. मले ऐकू आलं. त्या पातळ लाकडाले हलाले जागा पाहिजे, तेव्हा ते बोलते, अन् मी त्याले स्क्रूनं जखडून, पॉलिशखाली गाडून टाकलं होतं. तू बाज्याकडं पाहिलं, मंग माझ्याकडं पाहिलं अन् म्हणे, दिसाले छान झालं जी. तेव्हाच मी बोलाले पाहिजे होतं. दोन शब्द होते, चुकलं माझं. मी काय म्हटलं माहीत आहे ना? लाकडाले पॉलिश पाहिजेच, असं म्हटलं.

तो तू पुन्हा वाजवला नाही. टीव्हीच्या बाजूले उभा करून ठेवला, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे, यांनी केलं पॉलिश. तू टोमणा मारत होती का खरंच कौतुक करत होती, हे मले आजपर्यंत समजलं नाही. विचारलं असतं तर बाजा म्या बिघडवला का, हेही विचारा लागलं असतं.

मंग तू दुसऱ्या बाज्याचं काढलं. हट्ट नाही केला. जेवताना म्हणे, एक जरा बरा घेऊ का जी, कूलरपेक्षा महाग नको. कूलरचं माप तूच ठरवलं. आपण दर तीन-चार वर्षांनी कूलर घेतो अन् कोणी कोणाले विचारत नाही, तेवढ्यात बसला तर घेऊ, नाही तर राहू दे. मी मनात म्हटलं, बरोबर बोलून राहिली. पहिला माझ्या हातानं मेला, दुसरा आणून देणं माझं काम आहे. हे मनात म्हटलं फक्त.

जूनमध्ये आपण बबलूच्या दुकानात गेलो. तीन बाजे त्यानं काउंटरवर मांडले. एक पहिल्याएवढाच लहान, पण खुंट्या चांगल्या. एक मधला. एक मोठा. बबलूनं समजावलं, काकू, तुमच्या बोटांले मधला बसते, मान रुंद आहे, खुंट्यांत दाते आहेत, एकदा लावला का दोन गाणी तरी हलत नाही. तू मधला घेतला. भिंतीकडं तोंड करून बसली अन् विहारातलं गाणं हळूच वाजवलं. मागं तबल्याची पुडी ओढून राहिलेला माणूस थांबला. तू करंगळी तारेवर ठेवली अन् ती बरोबर बसली. तुझं तुलेच हसू आलं. भाव विचारला तर कूलरच्या आत.

मी स्टुलावर बसून तुझा चेहरा पाहत होतो. खरं सांगतो आता, मले चांगलं नाही वाटलं. त्या बाज्यात माझं काहीच काम नव्हतं. घासाचं नाही, ठोकाचं नाही, लावाचं नाही. घरात कोणतीही लाकडाची वस्तू माझ्या हाताखालून गेल्याशिवाय आली नव्हती. मी उठलो, तुझ्या हातातून घेतला, उजेडाकडं धरला. मधल्या गोल भोकाच्या काठावर नख फिरवलं. काठावर तीन थर दिसले. मी म्हटलं, हे लाकूड नाही, प्लाय आहे.

बबलू लपवत नव्हता बिचारा. म्हणे, हो काकाजी, प्लायच आहे, पण आपल्या नागपूरले हेच बरं. असली लाकडाचा घ्याल तर मे महिन्यात तडकते, पेटीत ओलं ठेवून सांभाळा लागते. हे उन्हाळ्याले दाद देत नाही.

मले सांगून राहिला लाकडाचं. मी म्हटलं, दाखव असली. त्यानं वरून काढला. मोठा होता, कूलरच्या थोडा बाहेर. तुले द्याले लावला. तुझी करंगळी पोहोचली नाही. तू म्हणे, जमत नाही जी. मी म्हटलं, जमवलं का जमते. घ्याचा तर हा, प्लाय माह्या घरात येणार नाही.

वर तिथंच दुसरा नियम काढला. पाऊस लागला होता. पावसाळ्यात लाकूड घेऊ नये, हे माझ्या उस्तादानं मले पहिल्या वर्षी शिकवलं. पाणी पिऊन फुगलेलं असते, कोरड्या दिवसात आकसते अन् सांधे सोडते. मी आयुष्यात आखाड-सावनात एक फळी घेतली नाही. म्हटलं, दसऱ्याले घेऊ. बबलूनं चारही परत टांगले.

बाहेर येऊन मी स्कूटर काढत होतो तेव्हा तू म्हणे, आपल्या घरचं कपाट कायचं आहे जी?

तू ओरडली नाही. भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं. आपलं कपाट प्लायचं आहे. शेजाऱ्याचं प्लायचं आहे. चाळीस वर्षांत मी केलेल्या दहातली नऊ कपाटं प्लायची आहेत. काठाले सागवानाची पातळ पट्टी चिकटवाची, तिरपा सांधा द्याचा, तू घासाचं, वरून पॉलिश. मंग थर दिसत नाहीत. पाहुणे म्हणतात, सागवानी दिसते. गिऱ्हाइकाची बायको आपल्यासमोर पाहुण्यांले सांगे, पुरं सागवान आहे, अन् मी काही म्हणत नसे. तू खाली मान घालून पेपर घासत राहे. त्यात लबाडी नव्हती, गिऱ्हाइकाले आतलं माहीत असे. पण चार लोकांत मी कधी कोणाचं कपाट उघडं केलं नाही.

घरी आल्यावर तू चहा केला. एकच कप केला, माझा.

मंग पावसाळाभर चाललं आपलं. तू गवार निवडता निवडता म्हणे, वाजवतो मी का तुम्ही? मी म्हणे, पैसे पाण्यात घालाचे नाहीत. तू म्हणे, प्लाय पाण्यातही टिकते जी, तुम्हीच सांगत होते लोकांले. त्या दिवशी मी हसलो असतो तरी भागलं असतं. मी काय म्हटलं? म्हटलं, या वयात तुले कोणत्या गायन पार्टीत वाजवाले जायचं आहे?

त्यानंतर तू विषय काढला नाही. मी समजलो, जिंकलो.

तुले ताप आला तेव्हा आपण गोळीवर दोन दिवस काढले. मंग प्लेटलेट पडल्या म्हणून भरती केलं. त्यात कोणाची चूक नव्हती, डॉक्टर लोकांनी केलं ते केलं. तिसऱ्या दिवशी तू डोळे उघडून विचारलं, दसरा कधी आहे जी? मी बोटांवर मोजून सांगितलं. तू म्हणे, लय दूर आहे. मी म्हटलं, आधी उठून तर बस वं, दसऱ्याचं पाहू. मले वाटलं, तू विहाराच्या कार्यक्रमाचं म्हणून राहिली, पाहुण्यांच्या जेवणाचं. दर दसऱ्याले बाहेरगावचे लोक आपल्या ओट्यावर उतरतात, त्यांच्या भाताची काळजी तुले आधीपासून लागते. मी त्याच्यावरच बोललो. वैशाली करीन, म्हटलं. तू मान फिरवली. पाचव्या दिवशी सकाळी तू नव्हती.

सांगाले सोपं आहे, पाच दिवस. त्या पाच दिवसांत मी तुझ्याशी सलाईन, लघवी अन् पाहुण्यांचा भात एवढ्यावरच बोललो.

फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी महालात गेलो. वैशाली येतो म्हणत होती, मी नाही म्हटलं. ऑटोनं गेलो. स्कूटर चालवाची इच्छा नव्हती, मागं कोणी नसलं का ती हलकी लागते.

बबलू उठून उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, केस काळे करते, पण त्या दिवशी मुळं पांढरी दिसत होती. त्यानं मले बसवलं, कापडी पिशवी काउंटरवर ठेवली, चेन उघडली. अन् माझ्याकडं न पाहता म्हणे, काकाजी, असली लाकडाचा आहे.

मी बाहेर काढला. तोच मधला. मान तीच, खुंट्या त्याच. मी उजेडाकडं धरला, भोकाचा काठ पाहिला.

काठावर थर नव्हते. पुरा गोल भरून सागवानाची पट्टी बसवली होती, कागदाएवढी पातळ. वरून घासलेली, पॉलिशचा एक हात. कोणत्याही माणसाले लाकूड वाटलं असतं. पण लाकडाचे रेशे असे गोल फिरत नाहीत वं, ते सरळ जातात अन् काठावर तुटतात. अन् सांधा होता तिरपा. अन् त्या पट्टीचा रंग मी आंधळा झालो तरी वळखीन, पलंगाखालच्या माझ्या गठ्ठ्यातली होती, मागच्या कामाची उरलेली.

मी ओरडलो.

म्हटलं, कोणाले येडं बनवून राहिला गा? आत प्लाय आहे, ही पट्टी माह्या घरची आहे, बाई मेली तर तुले वाटलं म्हाताऱ्याले काहीही गळ्यात बांधता येते? आणखी लय बोललो. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले. तबलेवाला मागून आला. मी थकलो तेव्हा बबलूनं पाण्याचा ग्लास ठेवला, मंग सांगितलं.

तू दोनदा गेली होती तिथं. मले म्हटलं होतं विहाराची साफसफाई आहे. पहिल्या दिवशी पैसे दिले. दुसऱ्या दिवशी पट्टी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली, औषधाच्या बाटलीत सरस, अन् कपडे वाळवाचे चिमटे. सांधा दाबून धराले मी शिकंजे लावतो तसे तू भोकाच्या काठाले चिमटे लावले. सरस धरेपर्यंत दोन तास स्टुलावर बसून राहिली. त्यानं चहा मागवला तर अर्धा तबलेवाल्याले दिला. मंग घासलं, अन् जाताना त्याले सांगितलं, दसऱ्याले यांले घेऊन येतो, तेव्हा म्हणजो असली लाकडाचा आहे.

बबलू म्हणे, मी काकूंले म्हटलं, काकाजी सुतार आहेत, उजेडात धरला का वळखतील. तर त्या हसल्या. अन् तुझं बोलणं त्यानं मले जसंच्या तसं सांगितलं.

"वळखतीनच. मले तेवढंच पाहाचं आहे, का वळखून चूप राहतेत का नाही."

आता तुले उत्तर पाहिजे असीन. घे. मी चूप राहिलो नाही. श्वास घ्याएवढाही थांबलो नाही. तू समोर नव्हती, हातात तुझीच शेवटची वस्तू होती, अन् तरी माझ्या तोंडातून पहिला शब्द प्लाय निघाला. तू बाजूले उभी असती तर मी चूप राहिलो असतो, असं इथं लिहिता येते. कोण पाहाले येणार आहे. पण तुले माहीत आहे, मी आणखी मोठ्यानं ओरडलो असतो.

लोकांच्या कपाटांसाठी चाळीस वर्षं तोंड बंद ठेवलं. तुझ्या एका बाज्यासाठी नाही ठेवता आलं.

अन् तू काय मांगत होती? मले फसवाचं नव्हतंच तुले. तुले माहीत होतं मी फसत नाही. तुले एवढंच पाहिजे होतं का एकदा, एका गोष्टीत, मी पट्टीच्या आतलं पाहून म्हणावं, बरं आहे, घे. जसं तू म्हटलं होतं, दिसाले छान झालं जी. तू माझं झाकलं, मी तुझं झाकतो का पाहत होती. हिशेब बरोबर होता तुझा. माणूस चुकीचा होता.

घरी आणल्यावर मी तो सांधा भिंग लावून पाहिला. वं, त्याच्यावर नख अडकत नाही. एवढ्या लहान गोलाईत पट्टी तडकते, माझी तडकते, माझे हात आता कापतात. तू ती किती वेळ पाण्यात ठेवली, कोणत्या बाजूनं वळवली, मले विचारा लागलं असतं. मी तुले शिकवलं असं लिहिणार होतो, पण मी कधी शिकवलं नाही. तू पाहून शिकली. मी तर कधी म्हटलंही नाही का तुझ्या हाताले हुनर आहे. मिस्त्रीची बायको मदत करते, असंच सांगे लोकांले. त्या दुकानात दोन तास बसून तू एकटीनं जे काम केलं, तसं स्वच्छ काम माझ्या वहीत एक नाही.

तुझ्यावर राग पण आहे. तोही लिहितो, नाही तर हे सगळं खोटं होईन. काहून सांगितलं नाही? पैसे दिले होते, वस्तू तयार होती, दसऱ्याची वाट काहून पाहत बसली? मी रागावलो असतो, एक दिवस जेवलो नसतो, झालं असतं. तेवढे दिवस तरी तू वाजवला असता. दवाखान्यात दसरा विचारत होती तेव्हा तरी सांगतीस, जा जी, महालातून घेऊन या. मी ऑटो करून गेलो असतो. पण तू माझा पावसाळ्याचा नियम पाळत बसली. मी केलेला नियम तू पाळला अन् मरून गेली, हे मी कोणाले सांगू. कोणताही नियम तू असा कधी पाळला नाही. चहात साखर कमी टाक म्हटलं तर ऐकलं नाही तू.

काल संध्याकाळी वैशालीनं तो पिशवीतून काढला. नातीच्या नादानं तिलेही थोडं येते. ओट्यावर बसून तिनं तारा लावल्या अन् हळूच एक पकड वाजवली. मी आत भाताले पाणी ठेवत होतो. गॅस बंद केला अन् दारात येऊन उभा राहिलो. आवाज मोठा नव्हता, पण शेजारीण फाटकाशी थांबून ऐकत होती. त्या पहिल्या खेळण्यातून असा आवाज कधी आला नव्हता, चांगलं होतं तेव्हाही नाही.

वैशालीनं उलटून-पालटून पाहिलं. सुताराची पोरगी, तिनंही काठावर नख फिरवलं. म्हणे, चांगला आहे बाबा. असली लाकडाचा आहे का?

शेजारीण पाहत होती. हो म्हणता आलं असतं. तू तेच मांगितलं होतं. मी दाराची चौकट धरून उभा होतो अन् मले समजत नव्हतं, आता चूप राहिलो तर ते तुझं मन राखणं होईन का माझं नाक.

मी म्हटलं, प्लाय आहे. तुझ्या आईनं पारखून घेतला. मी अडवला होता. तिचंच बरोबर होतं. ती पट्टी पण तिनंच बसवली, अन् पहिला बाजा म्या बिघडवला, पॉलिशनं.

एवढं एका दमात मी वैशालीशी कधी बोललो नव्हतो. तिनं बाजा मांडीवर आडवा ठेवला अन् माझ्याकडं पाहत राहिली. मले वाटलं रडते आता. ती रडली नाही. तुझ्यासारखंच, आवाज न वाढवता म्हणे,

"हे आईले सांगाले पाहिजे होतं ना, बाबा."

मी हो म्हटलं.